न आवडलेली पुस्तकं आणि शेवटच्या पानाचा वाद

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत हल्ली कॉलेजची पोरंपोरी एकत्र बसून न आवडलेल्या पुस्तकांवर बोलतात, कुठे रविवारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, कुठे कॉलेजमागच्या पारावर, कुठे नुसतं फोनवर बोलून रेकॉर्डिंग एकमेकांना पाठवतात. विषय निघाला की मोठ्या माणसांची दोन वाक्यं ठरलेली, हे सगळं मोबाईलमुळे आलं, आणि आधी वाचा तर खरं, नावं मग ठेवा. पहिलं वाक्य अर्धंच खरं आहे. दुसऱ्यावरून तर मोठाच वाद झालाय, त्यावर पुढे सविस्तर लिहितो, पण त्याआधी थोडं मागे जावं लागेल, फार नाही.

मराठीत पुस्तकांची सालटी काढणं काही आजचं नाही. १८७४ ला पुण्यातून निघालेल्या निबंधमालेत एकेका ग्रंथकाराला असं झोडलंय की आजची पोरं त्यापुढे फारच सभ्य वाटावीत. पण ती मोठ्यांची भांडणं होती, शिकलेल्या पुरुषांची, आणि पुण्या-मुंबईची. आपल्याकडे वाचनालयं त्याच सुमारास निघत होती, जळगावचं जुनं वाचनालय १८७७ चं, पण तिथे येऊन बसणार कोण, तर वकील, मास्तर, कचेरीतले कारकून, पेठेतले व्यापारी. पोरासोरांनी तिथे यावं आणि वर पुस्तकाबद्दल मत द्यावं ही कल्पनाच नव्हती. मत देणं म्हणजे मोठ्यांचं काम, पोरांनी पाठ करायचं.

मग अमळनेर येतं. साने गुरुजी तिथल्या हायस्कुलात १९२४ ते १९३० शिकवायला होते आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढायचे, १९२८ ला विद्यार्थ्यांसाठी मासिकसुद्धा काढलं. खान्देशात पोरं आणि वाचन असा विषय निघाला की भाषणात हे येणारच, यायलाच पाहिजे. फक्त एक बघा, त्या दैनिकात लिहायचे गुरुजी आणि वाचायची पोरं. प्रेम होतं त्यात, प्रचंड होतं, पण दिशा एकच होती. पुढे नाशिकच्या जेलमध्ये १९३३ ला त्यांनी लिहिलेलं आईवरचं पुस्तक घराघरात गेलं, आजही स्नेहसंमेलनात बक्षीस म्हणून तेच मिळतं, काही घरात तर तीन भावंडांच्या तीन प्रती असतात. त्यामुळे आपल्याकडे पुस्तक म्हटलं की गुरुजी, गुरुजी म्हटलं की आई, आणि आईला कुणी नावं ठेवतं का? एखाद्या पोराने वर्गात उभं राहून सांगितलं की सर मला ते वाचून रडू नाही आलं, तर बाकीचे त्याच्याकडे असं बघतात की याने घरात काहीतरी केलंय. खरं म्हणजे रडू न येणं हे पण एक मत आहे, आणि पुस्तक एवढं मोठं आहे की एका पोराला रडू नाही आलं म्हणून त्याचं काही बिघडत नाही. पण पिढ्यानपिढ्या हे कुणी बोललं नाही.

मधल्या काळाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. १९५२ ला अमळनेरला साहित्य संमेलन झालं, त्याच वर्षी आसोद्याच्या माहेरवाशिणीच्या, बहिणाबाई चौधरींच्या, कविता पुस्तकरूपाने आल्या, त्यांचं नाव आता विद्यापीठाला आहे. १९६७ ला ग्रंथालयांचा कायदा झाला, गावोगावी अनुदानावर वाचनालयं उभी राहिली, अ ब क ड असे वर्ग पडले. या सगळ्यात तरुण वाचक म्हणजे रजिस्टरमधला एक आकडा. त्याला काय आवडलं नाही हे विचारायचा कॉलमच कुठल्या फॉर्ममध्ये नव्हता.

शाळेत तर विचारायची पद्धत उलटीच होती. माझे आवडते पुस्तक, माझा आवडता लेखक, मी पुस्तक बोलतोय, हे निबंध आपण सगळ्यांनी लिहिलेत. नावडतं पुस्तक असा निबंध कुणाला आला असेल तर त्याने हात वर करावा.

आणि इथे एक गंमत आहे जी फार कमी लोकांच्या लक्षात येते. दहावीचा मराठीचा नवा अभ्यासक्रम २०१८-१९ ला आला, प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली, स्वमत नावाचा प्रकार आला, आणि कवितेच्या प्रश्नात मुद्दे दिले गेले त्यात एक मुद्दा चक्क असा की कविता आवडण्याचे वा न आवडण्याचे कारण लिहा. वा न आवडण्याचे! म्हणजे सरकारी कागदावर, बोर्डाच्या परीक्षेत, महाराष्ट्रातल्या दरवर्षीच्या लाखो पोरांना लेखी परवानगी मिळाली की बाबा, नसेल आवडली तर तसं लिही, कारण दे, मार्क घे. माझ्या मते पोरांच्या नावडतीच्या इतिहासात याच्याएवढी मोठी गोष्ट दुसरी नाही.

आणि झालं काय? काहीच नाही. कारण गाईडवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी उत्तर छापलं, ही कविता मला खूप आवडली कारण तिची भाषा साधी, सोपी, ओघवती असून त्यातून मोलाचा संदेश मिळतो. सगळ्या कवितांना हेच. ज्या कवितेची भाषा साधी पण नाही आणि सोपी पण नाही तिलाही हेच. क्लासमध्ये सर सांगतात की बाळांनो, आवडली असंच लिहा, पेपर कुणाकडे तपासायला जाईल आपल्याला माहीत नाही, एखाद्याला राग आला तर दोन मार्क जातील. सरांचं चुकतं असंही म्हणवत नाही, मार्कांचा मामला आहे. पण मग स्वमत कुणाचं राहिलं, पोराचं की गाईडचं? भुसावळ, चाळीसगाव, पाचोऱ्याकडच्या ओळखीच्या शिक्षकांना मी हे विचारून बघितलंय, न आवडण्याचं कारण लिहिलेला पेपर त्यांच्यातल्या कुणालाच चटकन आठवला नाही. एक मॅडम म्हणाल्या, पोरांना कविता आवडत नाहीत हे वर्गात त्यांच्या तोंडावर दिसतं, पेपरात मात्र सगळ्यांना सगळं आवडतं.

त्याच सुमाराच्या सरकारी वाचन मोहिमांची पण हीच तऱ्हा. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन सुरू झाला, त्या दिवशी दप्तर नाही, पोरं व्हरांड्यात ओळीने बसून पुस्तक उघडून फोटोला तयार. नंतर वाचनाचे उत्सव आले, पुस्तक वाचा, त्यावर थोडक्यात लिहा, मिनिटभर बोलून व्हिडिओ अपलोड करा. चांगलंच आहे, याच्या निमित्ताने कपाटाची कुलपं उघडली हे मी स्वतः बघितलंय. पण विचारायचं काय, तर या पुस्तकातून तुला काय शिकायला मिळालं. काहीच शिकायला मिळालं नाही, कंटाळा आला, हे त्या मिनिटात बसत नाही. बसवलं तर सर म्हणतात परत कर.

आता मोबाईलवाल्या वाक्याकडे. सप्टेंबर २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, यावल-रावेरच्या केळीच्या मळ्यात पाणी देणाऱ्या पोराच्या हातात पण नेट आलं, हे खरंच आहे. टिकटॉकवर आपल्याकडच्या पोरांनी अहिराणीत काय काय धमाल केली ती सगळ्यांना आठवत असेल, जून २०२० च्या शेवटी ते बंद झालं आणि सगळे रील्सवर गेले. बाहेरच्या जगात तोवर पुस्तकांना तारे देणं जुनं झालं होतं, २००७ ला सुरू झालेल्या गुडरीड्स या साइटवर एक तारा म्हणजे सरळ सरळ नाही आवडलं असा अर्थ लिहिलेला आहे. अर्धवट सोडलेल्या पुस्तकासाठी डीएनएफ हे लेबलही तिकडून आलं. आपल्याकडच्या कॉलेजच्या पोरींनी ते पटकन उचललं. म्हणजे मोबाईलने बोलायचा नमुना दिला, धीर दिला, एवढं मान्य. पण मत मोबाईलने दिलं नाही, मत आधीपासून होतं, घशात अडकलेलं.

आणि माझ्या बघण्यात ते पहिल्यांदा मोकळं झालं ते कादंबरी वाचणाऱ्यांत नाहीच, ते झालं अभ्यासिकेत. गेल्या दहा-बारा वर्षांत तालुक्याच्या वाचनालयांत जाऊन बघा, कथा-कादंबऱ्यांच्या हॉलपेक्षा अभ्यासिकेच्या खोलीत गर्दी, पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, सकाळी सहाला चपलांची रांग बाहेरपर्यंत. ही पोरं दिवसभर वाचतात. आणि यांच्या हातात सगळे जण कौतुकाने एकच प्रकारचं पुस्तक देतात, यशस्वी व्हा, सवयी बदला, पहाटे उठा, जग जिंका. मामा देतो, सत्कारात मिळतं, भाषणाला आलेले साहेब देतात. एक पोरगा, चार वर्षं तयारी करणारा, दोनदा थोडक्यात गेलेला, त्याने एकदा चहाच्या टपरीवर त्यातलं एक पुस्तक जे सोललंय, की बाबा हा माणूस म्हणतो अपयश तुमच्या डोक्यात असतं, माझं अपयश मेरिट लिस्टमध्ये आहे, पीडीएफ दाखवू का. टपरीवरचे सगळे हसले पण त्यानंतर जो तो आपापलं पुस्तक घेऊन बोलायला लागला. चिडायचं कारण त्यांच्याकडे होतं. तास मोजून अभ्यास करणाऱ्याचे दोन तास एका पुस्तकाने खाल्ले तर तो हिशोब मागणारच.

तर अशा टपरीवरच्या गप्पांतून वरच्या मजल्यावरची बैठक निघाली, एका तालुक्याच्या गावात. नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील. लॉकडाऊन उठल्यावर, वाचनालयं परत सुरू झाली तेव्हाची गोष्ट. अभ्यासिकेतली पोरं, कॉलेजच्या मुली, अकरावी-बारावीचे काही, असे जमायला लागले आणि ग्रंथपाल ताईंनी त्यांना एक दोनशे पानी वही दिली, न आवडलेल्या पुस्तकांची. पुस्तकाचं नाव, आपलं नाव, का नाही आवडलं. बस. सुरुवातीला वहीत जे लिहिलं गेलं ते वाचायला फार मजा यायची. एकीने एका गाजलेल्या कौटुंबिक कादंबरीबद्दल लिहिलं होतं, यातली सून सगळं सहन करते आणि शेवटी सगळे तिला देवी म्हणतात, माझ्या आत्याला पण म्हणायचे. एवढंच. याच्यावर मासिकात दहा पानी लेख आला असता तरी याच्यापेक्षा जास्त काय सांगितलं असतं.

मग कार्यकारी मंडळाने वही बघितली. मंडळात सगळे ज्येष्ठ, रिटायर मास्तर, एक वकील, एक सहकारी बँकेतून निवृत्त झालेले, सगळे आयुष्यभर वाचणारे लोक, हे मुद्दाम सांगतो कारण त्यांना कुणी अडाणी समजू नये. त्यांना धक्का कशाचा बसला, तर बऱ्याच नोंदींत पोरांनी सरळ लिहिलं होतं की पुस्तक अर्धवट सोडलं. तिसाव्या पानावर सोडलं, दुसऱ्या प्रकरणात सोडलं, प्रस्तावनेतच सोडलं. मंडळाने ठराव केला की यापुढे शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय वहीत नोंद करायची नाही. हाच तो वाद.

मंडळाची बाजू आधी सांगतो, कारण ती पोकळ नव्हती. त्यांचं म्हणणं असं की लेखकाने दोन-चार वर्षं घालून लिहिलेलं असतं, त्याला निदान शेवटपर्यंत ऐकून घ्या. आणि त्यांच्याकडे एक उदाहरण पण होतं. एका पोराने एका कादंबरीवर जातीवरून घाणेरडं बोलते म्हणून तडकून लिहिलं होतं, आणि ते बोलणारं पात्र पुढे सगळ्या कादंबरीभर उघडं पडतं, कादंबरी लिहिलीच आहे त्या बोलण्याच्या विरोधात. पोराने पहिली चाळीसेक पानं वाचली होती. ती नोंद फोटो काढून फिरली, आणि लेखक कसा आहे यावर न वाचलेल्या माणसांचं मत तयार झालं. हे वाईटच झालं, यात दुमत नाही.

पण या एका उदाहरणावर सगळ्यांना नियम लावला. बैठकीत एक मुलगी मंडळातल्या एका ज्येष्ठांना म्हणाली, नाना, शितावरून भाताची परीक्षा आपणच शिकवता ना. नाना म्हणाले, भाताला शीत पुरतं गं बाई, पुरणपोळीला कड चाखून चालतं का? सगळे हसले. नाना हजरजबाबी आहेत, त्यांच्याशी बोलण्यात कुणी जिंकत नाही. पण नियमाचं काय झालं ते बघा.

पहिली गोष्ट, पोरं खोटं लिहायला लागली. शेवटची दोन पानं वाचायची आणि पूर्ण वाचलं म्हणून सही करायची. जी वही खरं बोलायला काढली होती तिच्यात पहिल्याच कॉलमला थाप. दुसरी गोष्ट, मुलींच्या नोंदी कमी झाल्या. का, तर वेळ. मुलांना अभ्यासिकेत रात्री दहापर्यंत बसता येतं, मुलीला सातच्या आत घरी जायचंय, भाकरी टाकायच्यात, भावाचा डबा आहे. पंधरा दिवसांत पुस्तक परत करायचं. तिला कळतंय की हे पुस्तक आपल्याला झेपत नाही तर ती ते बदलून दुसरं नेणार की नियमासाठी उरलेली तीनशे पानं दळत बसणार? ती बदलून नेते, आणि गप्प बसते. म्हणजे ज्यांच्याकडे वेळ कमी त्यांचं मत पहिल्यांदा गेलं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ती मंडळातल्या कुणालाच पटवता आली नाही. पुस्तक ज्याला सगळ्यात जास्त नावडतं तोच ते सगळ्यात लवकर सोडतो. शेवटच्या पानापर्यंत पोचतो तो एक तर आवडणारा किंवा अगदीच जिद्दी. मग पाचशे-सहाशे पानी ऐतिहासिक कादंबऱ्या घ्या, आपल्याकडे त्या सगळ्यात जास्त इश्यू होतात, आणि नियम आल्यावर त्यांच्याबद्दल वहीत वाईट लिहिणारं कुणी उरलंच नाही. मंडळ म्हणालं बघा, नीट वाचलं की आवडतं. अहो, नीट वाचलं म्हणून आवडलं नाही, आवडलं म्हणून शेवटपर्यंत वाचलं गेलं. न आवडणारे चाळणीतून खाली पडले आणि वर राहिलेल्यांकडे बोट दाखवून तुम्ही म्हणताय सगळे खूश आहेत.

मधेच एका मुलीने नेटवरून एक यादी आणली. एका फ्रेंच शिक्षक-लेखकाने १९९२ ला वाचकाचे दहा हक्क लिहिलेत, त्यात पहिला न वाचण्याचा, दुसरा पानं गाळण्याचा, तिसरा पुस्तक पूर्ण न करण्याचा. तिने ते मराठीत लिहून कपाटावर चिकटवलं. नानांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि शांतपणे दहावा हक्क मोठ्याने वाचून दाखवला, तो आहे गप्प राहण्याचा. आणि म्हणाले, पोरी, अर्धवट सोडायचा हक्क आहे ना, मग सोड की, कोण अडवतंय, पण सोडलेल्याचा निकाल द्यायचा हक्क यात कुठे आहे ते दाखव. आता मुद्दा बिनतोड आहे. पण तो दहावा हक्क वाचकासाठी आहे, त्याच्यावर मंडळाने ठराव करण्यासाठी नाही, आणि निकाल म्हणाल तर मी इथे थांबले हे सांगणं म्हणजे निकाल कसा काय झाला? ते तर साधं घडलेलं सांगणं झालं.

या मुद्द्यावरूनच शेवटी मार्ग निघाला, आणि काढला ग्रंथपाल ताईंनी. ठराव रद्द नाही केला, मंडळाची मान खाली जाईल असं काही करायचं नाही हे ताईंना बरोबर माहीत. त्यांनी वहीत नुसता एक कॉलम वाढवला, कोणत्या पानावर सोडलं. पूर्ण वाचलं असेल तर पूर्ण लिहा, नसेल तर पान नंबर टाका. मंडळाला वाटलं पोरांना लाज वाटेल, तिसावं पान लिहायला. पोरांना काही लाज वाटली नाही. उलट तो कॉलम सगळ्यात कामाचा निघाला. एक अनुवादित कादंबरी होती, वेगवेगळ्या पोरांनी वेगवेगळ्या महिन्यांत सोडली होती आणि पानं बघितली तर सगळी जवळजवळची. ताईंनी ती पानं उघडून वाचली, अनुवाद तिथून पुढे असा काही घसरलाय की वाक्याचा कर्ता सापडत नाही. म्हणजे दोष पुस्तकात होता, पोरांच्या चिकाटीत नाही. काही जण अजून म्हणतात की पान नंबर मागणं हा पण अपमान आहे, वाचलं ते माझं मी बघेन. मला तसं वाटत नाही. पण पूर्ण वाचायच्या नियमापेक्षा लाख पटीने बरं.

भाषेचा मुद्दा या वादात मागे पडला, खरं तर तो आधी यायला हवा होता. घरी अहिराणी किंवा लेवा बोली बोलणाऱ्या पोराला पुस्तक नावडलं की तो आधी स्वतःवरच शंका घेतो, आपल्याला मराठी नीट येत नाही म्हणून कळलं नसेल. माले नही आवडनं असं तो मित्राला बिनधास्त सांगतो, वहीत लिहायची वेळ आली की पेन थांबतं, कारण वहीत शुद्ध लिहावं लागेल. ताईंनी अहिराणीत लिहिलं तरी चालेल म्हटल्यावर नोंदी लांबल्या, आणि तिखटही झाल्या. नंदुरबारकडे तर अजून वेगळं. धडगाव, अक्कलकुव्याच्या आश्रमशाळांत पावरी, भिली बोलणारी पोरं, त्यांना मिळणाऱ्या गोष्टींच्या पुस्तकात गाव म्हणजे सुट्टीत मामाकडे जायची जागा. ते गावातच राहतात, सुट्टीत त्यांनी कुठे जायचं? आणि आदिवासी म्हणजे डोक्यात पिसं खोचून शेकोटीभोवती नाचणारा, चित्रासकट. तिकडे शिकवणारा एक मित्र सांगत होता, असलं चित्र आलं की मुलं पुस्तक मिटून ठेवतात, तोंडाने काही बोलत नाहीत. आम्ही वर्षानुवर्षं लिहिलं की या मुलांना वाचनाची गोडी नाही. मिटलेलं पुस्तक हे मत धरायचं ठरवलं असतं तर गोडीबद्दल वेगळं काहीतरी लिहावं लागलं असतं.

फेब्रुवारी २०२४ ला अमळनेरला बहात्तर वर्षांनी परत मोठं संमेलन भरलं, आणि त्याच दिवसांत त्याच गावात त्याला पर्याय म्हणून भरणारं विद्रोही साहित्य संमेलनही भरलं. दोन मांडव, दोन गर्दी. आमच्याकडची बरीच पोरं दोन्हीकडे फिरली आणि येताना पुस्तकं आणली. त्यांच्या तोंडी एकच होतं की एका मांडवात दुसऱ्या मांडवाला आवडत नसलेलं सगळं उघड बोलत होते आणि कुणाला काही झालं नाही. मोठी माणसं एवढं बोलतात तर आम्ही एका कादंबरीबद्दल का नाही? त्यानंतर इतर गावांतही अशा वह्या निघाल्याचं ऐकतोय, काही ठिकाणी वही नाही, नुसता फळा.

मात्र त्या जुन्या ठरावात दुसरं एक कलम होतं, पहिल्याच्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही. जिल्ह्यातल्या हयात लेखकांच्या पुस्तकांची नोंद करायची नाही. कारण उघड आहे. तालुक्याच्या गावात लेखक म्हणजे कुणाचा तरी मास्तर, कुणाचा काका, कुणाच्या पीएचडीचा गाईड, प्रॅक्टिकलला बाहेरून येणारा परीक्षक. प्रकाशन समारंभात शाल-श्रीफळ देणारे हात आणि वाचनालयाच्या मंडळातले हात बऱ्याचदा तेच. आपल्या माणसाचं मन दुखवू नये हे समजू शकतो, खान्देशी माणूस या बाबतीत हळवाच आहे. पण पोरांना सगळ्यात जास्त बोलायचं असतं ते नेमकं याच पुस्तकांवर, कारण त्यात त्यांचं गाव असतं, नदी असते, त्यांच्या गल्लीतली माणसं असतात, आणि चुकीची लिहिली असतील तर ते सांगू शकणारे जगात फक्त हेच वाचक आहेत. पुण्याचा समीक्षक काय सांगणार की कापूस वेचायच्या दिवसांत असं नसतं.

पान नंबरच्या कॉलमने पहिलं कलम वितळवलं, दुसरं तसंच आहे. आणि त्याचा परिणाम थेट खरेदीत दिसतो. अनुदानावरच्या वाचनालयाला पुस्तकांचा काही हिस्सा सरकारमान्य यादीतून घ्यावा लागतो, काही गठ्ठे थेट वरून येतात, त्यात निवडायला थोडीच जागा उरते. यंदा ताईंनी खरेदीच्या मीटिंगला वही टेबलावर ठेवली, सोडलेली पानं दाखवली, आणि मंडळाने खरोखर ऐकलं, दोन-तीन प्रेरणादायी मालिका आणि एक अनुवाद यादीतून कापला. मग विषय आला जिल्ह्यातल्या लेखकांचा. त्यांच्याबद्दल वहीत एक अक्षर नव्हतं, तेव्हा कुणाची तक्रार नाही असं इतिवृत्तात लिहिलं गेलं आणि प्रत्येकाच्या पाच-पाच प्रती नेहमीसारख्या घेतल्या.